प्रमाणपत्र मिळाले, पण समुपदेशक तयार झाला हे कशावरून ठरवायचे?

प्रश्न : खानापूर_सल्लाकेंद्र

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका छोट्या न्यासाच्या व्यसनमुक्ती सल्ला केंद्राचे कामकाज मी पाहते. दोन खोल्यांच्या या केंद्रात चार समुपदेशक आहेत. दोघी समाजकार्याच्या पदवीधर आहेत, एक पूर्वी आशा कार्यकर्ती होती आणि एक गृहस्थ स्वतः दारूतून बाहेर पडून या कामात आले आहेत. नंदगड, हलशी, जांबोटी या भागांतील शेतकरी व मजूर, वडगाव-शहापूरच्या मागांवर काम करणारे विणकर आणि चोर्ला घाटातून गोव्याला माल नेणारे चालक आमच्याकडे येतात. गोव्यात दारू स्वस्त मिळते आणि रात्रीचा मुक्काम तिथेच पडतो, त्यामुळे चालकांचा प्रश्न विशेष बिकट आहे.

आमच्या चौघांनीही एक पाच दिवसांची निवासी कार्यशाळा पूर्ण केली. व्याख्याने उत्तम होती, शेवटी लेखी परीक्षा झाली आणि चौघांनाही प्रमाणपत्रे मिळाली. आता न्यासाच्या बैठकीत दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे की प्रमाणपत्र आहे, तेव्हा या लोकांना स्वतंत्रपणे काम करू द्यावे. माझ्या मनाला मात्र हे पटत नाही, कारण बंद दाराआड समुपदेशक रुग्णाशी नेमके काय बोलतो हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. देणगीदारांनी वेगळाच मार्ग सुचवला आहे. कोणाच्या हातून किती लोकांची दारू सुटली हे मोजावे आणि त्यावरून समुपदेशकाची किंमत ठरवावी, असे ते म्हणतात.

समुपदेशकाची तयारी तपासण्याची मान्य पद्धत कोणती, ती तपासणी कोणी करावी, आणि आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे रुग्ण मराठीत आणि मध्येच कानडीत बोलतो पण तज्ज्ञ मंडळी बहुधा कानडी किंवा इंग्रजीत काम करतात, तिथे ती कशी जमवावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

उत्तर : मानसशास्त्र_बेळगाव

ताई, तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे आणि त्याला आधारही आहे. मी चिकित्सा मानसशास्त्रात काम करते. या विषयावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे अभ्यास झाले, त्यांतील दोन तुमच्या न्यासापुढे ठेवण्यासारखे आहेत.

पहिला ब्रिटनमधील 'युकॅट' या नावाने ओळखला जाणारा दारूविषयक उपचारांचा मोठा अभ्यास. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ७४२ रुग्णांना दोनपैकी एक उपचार देण्यात आला. एक होता प्रेरणा वाढवणारा तीन बैठकींचा उपचार, आणि दुसरा कुटुंबीय व मित्रमंडळींना सोबत घेऊन आठ बैठकींत करायचा उपचार. दोन्ही उपचार सारखेच गुणकारी ठरले, आणि उपचारांवर झालेल्या खर्चाच्या सुमारे पाचपट रक्कम आरोग्य, समाजसेवा व न्यायव्यवस्थेवरील खर्चात वाचली. ही माहिती बऱ्याच जणांना असते. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग म्हणजे त्यातील उपचारकांची निवड. ते सगळे आधीपासून या क्षेत्रात काम करणारे लोक होते. तरीही कार्यशाळा झाल्याबरोबर त्यांना अभ्यासातील रुग्ण सोपवले गेले नाहीत. प्रत्येकाने खऱ्या रुग्णांसोबतच्या बैठकींचे चित्रीकरण पाठवायचे, पर्यवेक्षकाने ते पाहून चर्चा करायची, आणि ठरलेल्या पातळीला पोहोचल्यावरच त्याला मान्यता द्यायची, अशी रीत होती. ७६ जण निवडले गेले, ७२ जणांनी प्रशिक्षण सुरू केले आणि मान्यता मिळाली ५२ जणांना. आधीचा अनुभव किती वर्षांचा आहे यावरून कोण प्रशिक्षण पूर्ण करील हे सांगता आले नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे 'ते वीस वर्षांपासून हेच काम करतात' एवढ्यावर विषय संपतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील, विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला. प्रेरणात्मक मुलाखत, म्हणजे उपदेश न करता बदलाची इच्छा रुग्णाच्याच तोंडून बाहेर काढण्याची पद्धत, शिकू इच्छिणाऱ्या १४० व्यावसायिकांना त्यांनी वेगवेगळ्या गटांत विभागले. काहींना फक्त कार्यशाळा दिली, काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या ध्वनिमुद्रित बैठकींवर अभिप्राय दिला, काहींना दूरध्वनीवरून वैयक्तिक मार्गदर्शन दिले, तर काहींना दोन्ही दिले. कार्यशाळेने फायदा झाला, पण अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळालेल्यांचे कौशल्य अधिक वाढले. आणि व्यावसायिकांनी स्वतःच्या कौशल्याविषयी जे मत नोंदवले होते, त्याचा त्यांच्या प्रत्यक्ष बैठकींतील कौशल्याशी काहीच मेळ बसला नाही. म्हणून समुपदेशकाला 'जमते का?' असे विचारून काही कळत नाही, आणि लेखी परीक्षेतून फक्त वाचन कळते. बैठक ऐकावीच लागते.

काय ऐकायचे, हे एका उदाहरणावरून सांगते. सरावासाठी आमच्यातील एक सहकारी विणकराची भूमिका करतात. त्यांचे वाक्य ठरलेले असते : "पगार झाला की मित्र बोलवतात. जायचं नाही म्हटलं तरी पाय तिकडंच वळतात. परवा पोरीनं बघितलं, मला लई कसंतरी झालं." नव्या समुपदेशकाचे उत्तर बहुतेक वेळा असे येते : "मग मित्रांना नाही का म्हणत नाही? लिव्हर खराब होतं हे माहीत आहे ना?" समोरचा माणूस "होय की, माहीत आहे" एवढे म्हणून गप्प बसतो. या एका उत्तरात जाब विचारणारा प्रश्न आला, न मागितलेली माहिती आली, आणि मुलीचा उल्लेख, म्हणजे माणसाने स्वतःहून उघडलेले दार, हातचे गेले. तोच समुपदेशक पुढच्या सरावात म्हणतो : "पोरीच्या नजरेला पडलात, ते मनाला लागलं." त्यावर उत्तर येते : "लागलं म्हणजे काय, तिनं आतून कडी लावून घेतली. आता तिच्यासमोर तरी नको असं वाटूलालंय." दारू कमी करण्याची इच्छा आता रुग्ण स्वतःच्या तोंडाने बोलतो आहे, आणि मूल्यमापनात मोजायचे ते हेच.

यासाठी 'मिटी' नावाची गुणांकन पद्धत आहे. बैठकीतील वीस मिनिटांचा तुकडा घेतला जातो. सहानुभूती, भागीदारी, बदलाच्या बोलण्याला दिलेले प्रोत्साहन आणि दारू चालू ठेवण्याच्या बाजूचे बोलणे मवाळ करण्याचे कसब, यांना प्रत्येकी १ ते ५ गुण देतात. समुपदेशकाने प्रश्न किती विचारले आणि रुग्णाचे म्हणणे आपल्या शब्दांत परत किती वेळा मांडले, हेही मोजतात. निदान एका प्रश्नामागे एक असे मांडणे आले तर ठीक, दोन आली तर चांगले, असा संकेत आहे. हे आकडे तज्ज्ञांच्या अनुभवातून ठरलेले आहेत, त्यामुळे त्यांना दगडावरची रेघ मानू नये. पण पहिल्यांदा मोजणी केली की बहुतेक समुपदेशकांच्या लक्षात येते की आपण प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटतो.

देणगीदारांच्या सूचनेविषयी माझे मत स्पष्ट आहे. सुटलेल्या दारूच्या आकड्यावर एखाद्या व्यक्तीचे मोल ठरवू नये. ज्याच्याकडे सौम्य त्रासाचे आणि घरचा आधार असलेले लोक येतात त्याचा आकडा चांगला दिसेल, आणि जो सर्वांत अवघड माणसांना घेऊन बसतो तो नापास ठरेल. शिवाय चार जणांच्या केंद्रात आकडे इतके लहान असतात की त्यांतून कोणताही निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. केंद्राने रुग्णांच्या स्थितीची नोंद अवश्य ठेवावी. मात्र ती केंद्राच्या कामाची नोंद असते, तिला एका समुपदेशकाची गुणपत्रिका समजू नये.

---

उत्तर : निपाणीकर_सोबती

मी स्वतः अनेक वर्षे पीत होतो आणि आता निपाणी परिसरात याच कामात आहे. ताईंच्या केंद्रातील त्या गृहस्थांविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण आमच्यासारख्यांचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. काही संस्थांत आम्हाला फक्त भाषणापुरते उभे करतात, कारण आमच्याकडे पदवी नसते. काही संस्थांत याच्या उलट घडते. 'यांनी स्वतः भोगले आहे, यांना कोण शिकवणार' असे म्हणून आम्हाला कोणी तपासतच नाही.

दारू सोडलेला माणूस पाहून रुग्णाला धीर येतो हे खरे आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याची अल्कोहोलिक्स अनॉनिमसची चळवळ १९३५ पासून याच बळावर चालत आली आहे, आणि पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही व्यसनातून बाहेर पडलेल्या मित्रांना कामात सामावून घेतले. पण सभेत आपला अनुभव सांगणे आणि बंद खोलीत एका माणसाचा अनुभव ऐकणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. सभेत मी माझ्याविषयी बोलतो, ते तिथे योग्य आहे. समुपदेशनात मात्र माझी कहाणी दहा मिनिटे चालली, तर समोरच्याची दहा मिनिटे गेली. म्हणून आमचे ध्वनिमुद्रण ऐकताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. समुपदेशकाने स्वतःचा अनुभव सांगितला असेल, तर तो रुग्णाने विचारला म्हणून सांगितला की सांगायची ओढ आवरली नाही म्हणून, आणि तो सांगून झाल्यावर बोलणे पुन्हा रुग्णाकडे किती लवकर वळले.

दुसरी गोष्ट मार्गाची. मला पूर्ण वर्ज्य करण्याचा मार्ग लागू पडला म्हणून समोर येणाऱ्या प्रत्येकाला मी त्याच वाटेने ओढले, तर ते चूक ठरेल. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'प्रोजेक्ट मॅच' या अमेरिकी अभ्यासात १,७२६ लोक होते. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाकडे नेणारा उपचार, विचार-वर्तन उपचार आणि प्रेरणा वाढवणारा उपचार, या तिन्हींचे परिणाम साधारण सारखेच निघाले. हे वाचल्यावर माझा मार्गच खरा असा हट्ट धरण्याला काही अर्थ उरत नाही.

वरच्या मॅडमनी सांगितलेल्या मोजणीविषयी मात्र माझी एक शंका आहे. बिडी कारखान्यात दिवसभर राबून आलेला माणूस कधी कधी पंधरा मिनिटे काहीच बोलत नाही. अशा बैठकीत प्रश्नांचे प्रमाण बिघडते, पण समुपदेशकाने शांतपणे सोबत बसून राहणे हेच त्या दिवशीचे योग्य काम असते. आकड्यांवर निर्णय देण्यापूर्वी ती बैठक कशी होती हे समुपदेशकाकडून ऐकून घेतले जावे.

---

पुन्हा प्रश्न : खानापूर_सल्लाकेंद्र

दोघांचेही मनापासून आभार. आता अडचण व्यवहाराची आहे. चित्रीकरण आमच्याकडे शक्यच नाही, आणि ध्वनिमुद्रणाचे नाव काढले तरी लोक उठून जातील अशी भीती वाटते. गाव लहान आहे. 'याचे बोलणे कोणीतरी ऐकणार' एवढे कळले तरी बोभाटा होईल. आणि परवानगी मिळालीच, तरी मराठी बैठक ऐकून गुण देणार कोण? मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात, तेव्हा रुग्ण तपासण्यातच त्यांचा दिवस जातो.

---

उत्तर : सत्तरी_ते_बेळगाव

ताई, माझे माहेर बेळगावचे आणि काम गोव्यातले. या दोन्ही अडचणींवर गोव्यात जे केले गेले ते तुम्हाला थेट उपयोगी पडेल.

संगत या संस्थेने गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी, एका छोट्या समुपदेशन-उपचाराची चाचणी घेतली. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. उपचार जास्तीत जास्त चार बैठकींचा होता आणि तो देणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते स्थानिक भाषा बोलणारे, साधे शिकलेले, त्याच भागातले लोक होते. ३७७ पुरुष या चाचणीत होते. तीन महिन्यांनी, नेहमीच्या सेवेसोबत समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले, तर फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. तुमच्या आशा कार्यकर्तीला पदवीधरांपेक्षा कमी लेखण्याचे कारण नाही, हे तुमच्या न्यासाला यावरून सांगता येईल.

गुण कोणी द्यायचे, हा प्रश्न तिथेही होता. तज्ज्ञ मोजके असतात आणि ते प्रत्येक बैठक ऐकू शकत नाहीत. म्हणून समुपदेशकांनीच गटात बसून एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठकी ऐकायच्या, एका ठरलेल्या तक्त्यावर प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण द्यायचे, आणि मगच चर्चा करायची, अशी पद्धत बसवण्यात आली. सुरुवातीच्या काळात तज्ज्ञही तेच ध्वनिमुद्रण ऐकून गुण देत, म्हणजे समुपदेशकांचा कान किती जुळला हे कळत असे. सरावाने सहकाऱ्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले. तुमचे चौघे मराठी आणि कानडी दोन्ही जाणतात, तेव्हा बोलणे समजून गुण देण्यास त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. बाहेरच्या तज्ज्ञाकडून एवढेच मागावे की अधूनमधून एखादी बैठक त्यांनीही ऐकावी. मराठी समजणारा पर्यवेक्षक हवा असेल, तर गडहिंग्लज-कोल्हापूरच्या बाजूला शोध घ्यायला हरकत नाही, दूरध्वनीवरून होणाऱ्या चर्चेला सीमा आड येत नाही.

गटात एक पथ्य पाळावे लागते. आपल्याकडे सहकाऱ्याला, त्यातही वयाने मोठ्या सहकाऱ्याला, तोंडावर उणे सांगण्याचा संकोच असतो, आणि मग सगळ्यांना सगळे गुण मिळतात. त्यासाठी गुण आधी कागदावर लिहून कागद उलटा ठेवावा, नंतरच बोलावे. आणि प्रत्येक अभिप्रायाला ध्वनिमुद्रणातले नेमके वाक्य जोडलेले असावे. 'छान बोललास' किंवा 'जरा कडक झालीस' अशा अभिप्रायातून कोणी काही शिकत नाही.

संमतीविषयी सांगायचे तर, लोक उठून जातील ही भीती आपल्या मनात जेवढी असते तेवढी ती रुग्णांच्या मनात नसते. माणसाला साध्या भाषेत सांगावे की हे ध्वनिमुद्रण माझे काम सुधारण्यासाठी आहे, केंद्रातील हे तीन लोक ते ऐकतील, ठरलेल्या मुदतीनंतर ते पुसले जाईल, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही. शेवटचे वाक्य मनापासून म्हटले गेले पाहिजे. ध्वनिमुद्रण समुपदेशकाच्या खासगी मोबाइलवर करू नये, केंद्राचे स्वतंत्र यंत्र असावे आणि ते कुलुपात राहावे. ऐकणाऱ्यांपैकी कोणी रुग्णाच्या गावचा किंवा नात्यातला असेल, तर त्याने त्या बैठकीपुरते बाजूला व्हावे. खानापूर तालुक्यात हा प्रसंग वारंवार येईल, म्हणून हा नियम आधीच लिहून ठेवावा.

रुग्णाची बैठक मिळेपर्यंत भूमिका-सरावावर मूल्यमापन करता येते. नेपाळमधील कामातून तयार झालेला 'इनॅक्ट' नावाचा एक तक्ता आहे, जो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 'इक्विप' या उपक्रमात वापरला जातो. त्यात सर्वांत खालची पातळी 'हानी होऊ शकेल असे वर्तन' ही आहे. समुपदेशकाने रुग्णाला दोष दिला, त्याचे गुपित फोडण्याची तयारी दाखवली किंवा आत्महत्येचा इशारा कानाआड केला, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्या मुद्द्यावर थांबून पुन्हा शिकवायचे. कौशल्याचे कौतुक करण्याआधी हानी होत नाही ना हे पाहावे, हा क्रम मला पटतो.

---

उत्तर : टिळकवाडी_दवाखाना

मी वैद्यकीय बाजूने लिहितो. वरची चर्चा उत्तम आहे, परंतु ज्या एका बाबतीत नव्वद टक्के गुणही पुरेसे नाहीत तिचा उल्लेख अजून आलेला नाही. ती म्हणजे कोणत्या रुग्णाला समुपदेशनाच्या खोलीत न बसवता आधी डॉक्टरकडे पाठवायचे, याची ओळख.

रोज सकाळी उठल्याबरोबर ज्याला प्यावी लागते, अशा माणसाला 'आजपासून एक थेंबही नको' असा उपदेश केला आणि त्याने तो पाळला, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा तासांपासून हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, दिवस-रात्र कळेनासे होते. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेतात आणि महत्त्वाचे तास निघून जातात. समुपदेशकाने पहिल्या भेटीत चार गोष्टी विचारल्याच पाहिजेत : शेवटचे कधी घेतले, यापूर्वी बंद केली तेव्हा काय झाले, कधी फिट आली होती का, आणि जेवण चालू आहे का. उपाशी राहून पिणाऱ्यांत थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता होते आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी प्रत्येक समुपदेशकाला तोंडपाठ असावी. ४० पैकी ८ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे धोका, आणि २० किंवा त्याहून अधिक असतील तर अवलंबित्वाची शक्यता गृहीत धरून डॉक्टरी तपासणी व्हावी. ताई, गोव्याच्या चाचणीतही समुपदेशन मिळालेले पुरुष १२ ते १९ गुणांच्या गटातले होते. तुमच्याकडे त्याहून गंभीर लोक येत असतील, तर तो ३६ टक्क्यांचा आकडा तसाच्या तसा स्वतःला लावून घेऊ नये.

आणखी एक प्रश्न मी मूल्यमापनात हमखास विचारतो. पत्नी येऊन म्हणते, 'त्यांना न सांगता भाजीत मिसळायची गोळी द्या.' अशा वेळी समुपदेशक काय उत्तर देतो? ती गोळी म्हणजे डायसल्फिराम, आणि ती पोटात गेल्याचे ठाऊक नसलेल्या माणसाने दारू प्यायली तर उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो आणि हृदयविकार असेल तर प्राणही जाऊ शकतो. ती बाई हतबल होऊन विचारते, म्हणून तिला न दुखावता, परंतु स्पष्टपणे नाही म्हणता आले पाहिजे. हे लेखी परीक्षेत कळत नाही, भूमिका-सरावात कळते.

पाठवायचे कुठे, हेही समुपदेशकाच्या खिशात लिहिलेले असावे : तालुका रुग्णालय, बेळगावचे जिल्हा रुग्णालय, आणि अवघड रुग्णासाठी धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो. कर्नाटकात हे काम नवे नाही. सामान्य आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आरोग्याचे शिक्षण देण्याचा बळ्ळारीचा प्रयोग १९८० च्या दशकातला आहे आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये देशभरचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. तेव्हा जिल्ह्याच्या पथकाला लेखी पत्र देऊन तुमच्या समुपदेशकांना काही दिवस बाह्यरुग्ण विभागात बसू द्यावे, अशी मागणी करायला संकोच नको. थरथरणारा हात एकदा जवळून पाहिलेला समुपदेशक तो पुढे विसरत नाही.

---

उत्तर : चिकोडीची_सून

मी समुपदेशक नाही. माझ्या घरात हा प्रश्न होता आणि आम्ही उपचारांसाठी बरेच फिरलो, म्हणून लिहिते. तुमच्या मूल्यमापनात घरच्या बाईशी समुपदेशक कसा बोलतो, याचाही विचार व्हावा. आम्हाला एका ठिकाणी नवऱ्यासमोरच विचारले गेले, 'हे मारतात का?' तिथे काय उत्तर देणार? हा प्रश्न स्वतंत्रपणे, दार लावून विचारायचा असतो. आणि 'तुम्ही जरा समजून घ्या, कटकट करू नका' हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकले आहे की ते कोणत्यातरी पुस्तकात छापलेले असावे असे वाटते. दारूची जबाबदारी बायकोवर टाकणारे बोलणे हानीच्या रकान्यात धरावे. तुमच्या गटात गुण देणाऱ्यांमध्ये कधीतरी आमच्यासारख्या एखाद्या बाईलाही बसवा, रुग्णाचे नाव न सांगता भूमिका-सराव दाखवा आणि तिला काय वाटले ते विचारा.

---

खानापूर_सल्लाकेंद्र

सर्वांची उत्तरे छापून न्यासाच्या बैठकीत वाचून दाखवली. चौघांनाही तूर्त जोडीने काम द्यायचे ठरले आहे. आधी भूमिका-सराव होतील, त्यात डॉक्टरांनी सांगितलेले चार प्रश्न आणि गोळीचा प्रसंग सक्तीचा राहील. त्यात कोणी चुकले, तर तो भाग पुन्हा शिकवून पुन्हा घेतला जाईल. त्यानंतर संमती मिळालेल्या बैठकी गटाने ऐकायच्या. चिकोडीच्या ताई, तुमची सूचना मान्य झाली आहे आणि आमच्या भागातील बचत गटातील दोघींनी येण्याचे कबूल केले आहे. एकच विचारायचे राहिले. मान्यता एकदा दिली की ती कायमची समजावी का?

---

मानसशास्त्र_बेळगाव

नाही. कौशल्य वापरात राहिले तरी हळूहळू जुन्या सवयी परत येतात, विशेषतः उपदेश करण्याची. मान्यता दिल्यानंतरही प्रत्येकाची एखादी बैठक गटाने दरमहा ऐकावी, आणि ती कोणती असावी हे समुपदेशकाने न निवडता चिठ्ठी टाकून ठरवावे. स्वतः निवडू दिली की माणूस आपली सर्वांत चांगली बैठकच आणतो. निपाणीच्या सरांची शंका रास्त आहे, तेव्हा ऐकण्यापूर्वी दोन मिनिटे त्या बैठकीची पार्श्वभूमी सांगू द्यावी. भूमिका-सरावासाठी विणकर, चालक आणि ऊसतोडणीचा मजूर अशी तीन पात्रे मी मराठीत लिहून ठेवली आहेत. ताई, केंद्राचा पत्ता निरोपात कळवा, म्हणजे गुणांच्या तक्त्यासह टपालाने पाठवते.